अलास्का क्रूझवर पाऊस लागला तर? बंदरावर उतरताना तब्येत कशी सांभाळाल

"डॉक्टर, जुलैमध्ये मुलीकडे सिअ‍ॅटलला चाललोय. तिने आम्हा दोघांसाठी अलास्काची क्रूझ बुक केली आहे. पण तिथे रोज पाऊस असतो म्हणे. हिचे गुडघे, माझी शुगर. बंदरावर उतरायचं की जहाजातच बसून राहायचं?"

मुले अमेरिकेत किंवा कॅनडात असलेल्या आई-वडिलांकडून हा प्रश्न आता नेहमी येतो. तिकिटे महाग असतात, मुलांनी हौसेने बेत आखलेला असतो आणि "माझ्यामुळे सगळ्यांची सहल बिघडायला नको" ही धास्ती मनात असते. या धास्तीमुळे काही जण थंडी वाजत असतानाही गप्प राहून चालत राहतात. काही जण आठ दिवस खोलीबाहेरच पडत नाहीत. दोन्ही गोष्टी टाळता येतात.

थोडक्यात उत्तर असे: तब्येत स्थिर असेल तर बहुतेकांनी उतरायला हरकत नाही. भिजण्यापेक्षा जास्त त्रास होतो तो भिजलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहण्याने. म्हणून प्रत्येक बंदरावर उतरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मी किती वेळ ओला राहणार आहे? पाय कशावर पडणार आहेत? आणि कोरडी, उबदार जागा किती अंतरावर आहे?

तिथला पाऊस आपल्यापेक्षा वेगळा कसा?

बहुतेक क्रूझ अलास्काच्या आग्नेय किनारपट्टीवरून जातात. केचिकन, जुनो, सिटका आणि स्कॅगवे ही तिथली मुख्य बंदरे. हा भाग टाँगस या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या राष्ट्रीय वनाचा आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा इथल्या डोंगरांना अडते आणि पाऊस पडतो. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, म्हणजे मुंबईच्या साधारण दीडपट. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो. तिथे तो वर्षभर, बऱ्याचदा रिमझिम पडत राहतो. क्रूझच्या हंगामात मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे असतात आणि सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो. स्कॅगवे मात्र डोंगरांच्या आडोशाला असल्याने बरेच कोरडे आहे.

खरा फरक तापमानाचा आहे. आपल्या जुलैतल्या पावसात हवा २५ अंशांच्या आसपास असते, म्हणून भिजून घरी आले तरी टॉवेलने अंग पुसून चहा घेतला की काम भागते. अलास्कात उन्हाळ्यातही दिवसाचे तापमान साधारण १० ते १८ अंश असते आणि पावसाळी दिवशी ते खालच्या टोकाला राहते. महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट डोळ्यांसमोर आणा आणि त्यात पाऊस व वारा मिळवा.

थंड पावसात शरीरात काय होते?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपडे ओले झाले की शरीराची ऊब झपाट्याने बाहेर जाते आणि वारा असेल तर आणखी वेगाने. ती टिकवण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हात-पाय गार पडतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त काम करावे लागते. याच कारणाने लघवीही जास्त होते. वारंवार जावे लागू नये म्हणून लोक पाणी पिणे कमी करतात आणि नकळत शरीरातले पाणी कमी होते.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडायला हवा असे नाही. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, १० अंशांतही तो होऊ शकतो. वय झालेल्यांना याचा धोका जास्त असतो, कारण त्यांचे स्नायू कमी झालेले असतात आणि थरथरून ऊब निर्माण करण्याची क्षमता मंदावलेली असते. थायरॉइड कमी असणाऱ्यांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जपावे.

बरोबरच्या माणसांनी ही लक्षणे ओळखायला हवीत, कारण रुग्णाला ती स्वतःला कळतीलच असे नाही:

- सतत थरथर, किंवा थरथर अचानक थांबून येणारी सुस्ती
- जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट होणे
- चालताना अडखळणे, जॅकेटची चेन किंवा बटणे लावता न येणे
- गोंधळल्यासारखे वागणे, चिडचिड, "मला काही होत नाही" असा हट्ट

असे दिसले तर आधी छपराखाली न्या. ओले कपडे काढा, अंग कोरडे करा, डोके आणि छाती-पोट आधी झाका. माणूस पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल तर गरम गोड पेय द्या. हात-पाय जोरात चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका. बोलणे अस्पष्ट असेल, गोंधळ असेल किंवा झोप आवरत नसेल तर वाट न पाहता ९११ वर फोन करा.

कपडे: सुती नको, तीन थर हवेत

आपल्याला सुती कपड्यांची सवय असते. पण सुती कापड पाणी शोषते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. जीन्सचेही तेच. त्याऐवजी आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस आणि बाहेर टोपीसह वॉटरप्रूफ जॅकेट असे तीन थर ठेवा. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले जॅकेट थोड्या सरींपुरते चालते. तासभराच्या पावसासाठी 'वॉटरप्रूफ'च हवे. वॉटरप्रूफ पँटही घ्या.

साडीची सवय असलेल्या आजी विचारतात, "पँट घालावीच लागेल का?" या काही दिवसांसाठी ती घालावी असेच मी सांगतो. साडीचा किंवा सलवारचा ओला घोळ पायात अडकतो आणि गुडघ्यापर्यंत गारठा चढतो.

वाऱ्यात छत्री उलटी होते आणि एक हात अडकवून ठेवते. जॅकेटची टोपी आणि तिच्या आत पुढे चोच असलेली कॅप घातली की चष्म्यावर पाणी कमी येते. सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवा, म्हणजे दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतील. पिशवीत मोज्यांचे दोन कोरडे जोड, हातमोजे आणि छोटा टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

मधुमेह असेल तर

माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगतो. पंधरा वर्षांचा मधुमेह, पायांची संवेदना कमी झालेली. केचिकनच्या पावसात त्या कापडी बुटांत चार तास चालल्या. पाय ओले होते, पण दुखले नाहीत, म्हणून त्यांनी काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला मोज्यावर डाग दिसला. टाचेवरचा फोड फुटला होता. ती जखम भरायला भारतात परतल्यावर दोन महिने लागले.

न दुखणारा पाय हा सुरक्षित पाय नव्हे. म्हणून:

- बूट वॉटरप्रूफ आणि आधी महिनाभर वापरलेले असावेत. नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नका. चप्पल-सँडल नकोच.
- मोजे ओले वाटले की लगेच बदला. बधिर पायांना ओल कळत नाही, म्हणून दर तासा-दीड तासाने मोज्यात हात घालून पाहा.
- रात्री बोटांच्या बेचक्यांसह तळवे तपासा. वाकता येत नसेल तर फोनने फोटो काढा किंवा घरच्यांना पाहू द्या.
- गार पाय हीटरजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवू नका. बधिर पाय भाजला तरी समजत नाही.

थंडीने येणारी थरथर आणि शुगर कमी झाल्याने येणारी थरथर सारखीच दिसते. गोंधळ आणि अडखळणेही दोन्हींत होते. म्हणून थरथर सुरू झाली की छपराखाली जाऊन शुगर तपासा. हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणा, म्हणजे रक्ताचा थेंब नीट येईल. मीटर, स्ट्रिप्स आणि इन्सुलिन पेन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. मीटर फार गार झाले तर नीट चालत नाही आणि ओल लागलेली स्ट्रिप चुकीचा आकडा दाखवू शकते. इन्सुलिन बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरायचे नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा.

भिजून आल्यावर जहाजावरच्या गरम पाण्याच्या टबात बसायचा मोह होतो. नुकतेच इन्सुलिन घेतले असेल तर गरम पाण्याने ते लवकर शोषले जाऊन शुगर घसरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना टबातून उठताना चक्कर येऊ शकते. आधी कोरडे व्हा, खाऊन घ्या आणि टबाबद्दल आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा.

रक्तदाब, हृदयविकार आणि दमा

भरपेट जेवून लगेच थंड वाऱ्यात चढ चढणे हृदयावर सर्वाधिक ताण देणाऱ्या गोष्टींपैकी आहे. नाश्ता हलका घ्या, अर्धा तास बसा आणि सपाट रस्ता निवडा. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणे, नेहमीपेक्षा लवकर दम लागणे अशी लक्षणे दिसली तर थांबा. डॉक्टरांनी जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी दिली असेल तर ती जहाजाच्या खोलीत न ठेवता खिशात ठेवा. ती बसून घ्या. पाच मिनिटांत बरे वाटले नाही तर ९११.

लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर बंदराच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मनाने बंद करू नका.

दमा किंवा सीओपीडी असेल तर नाक-तोंडावर मफलर घ्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होते. इनहेलर आतल्या खिशात ठेवा. तो गार पडला तर फवारा कमी येतो.

गुडघे, तोल आणि पडणे

केचिकनची प्रसिद्ध क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांबांवर उभारलेली लाकडी फळ्यांची वाट आहे. पावसात अशा फळ्या शेवाळल्या फरशीसारख्या निसरड्या होतात. जहाजातून उतरण्याच्या उतारावरही लक्ष ठेवा. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक काही वेळा पाच-सहा मीटरपर्यंत जातो, त्यामुळे सकाळी सौम्य वाटलेला उतार दुपारी बराच तीव्र होऊ शकतो. जहाज धक्क्याला न लागता छोट्या बोटीतून नेणार असेल तर समुद्र शांत आहे का ते विचारा. हलत्या बोटीत पाऊल टाकताना कर्मचाऱ्याचा हात धरायला संकोच करू नका.

काठीच्या टोकाचे रबर निघण्याआधी नवे बसवून घ्या. जहाजावर परतण्याच्या वेळेच्या तासभर आधीच मागे फिरा, कारण ओल्या वाटेवर घाईने चालताना पडण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ॲव्होमिनसारख्या उलटीच्या गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत त्या चालत नाहीत. गोळी घेऊन निसरड्या वाटेवर फिरू नका. कोणती गोळी चालेल हे आधी विचारून घ्या.

कोणत्या बंदरावर काय पाहता येईल?

पावसाचा दिवस 'छपराखालची एक जागा, थोडे चालणे, पुन्हा छपराखाली' असा आखला की सोपा होतो.

*केचिकन:* साउथईस्ट अलास्का डिस्कव्हरी सेंटर मुख्य धक्क्यांपासून जवळ आहे. पर्जन्यवनाची माहिती तिथे कोरड्यात बसून घेता येते. टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये १९व्या शतकातील कोरीव लाकडी खांब छपराखाली जपले आहेत. काही जहाजे गावापासून दूर वॉर्ड कोव्हला लागतात. तुमचे जहाज कुठे लागणार आणि परतीची बस केव्हा हे आदल्या रात्री विचारा.

*जुनो:* अलास्का स्टेट म्युझियममध्ये दोन तास सहज जातात. मेंडेनहॉल हिमनदीच्या केंद्रात मोठ्या काचांमागे उबेत बसून समोरचे तलाव आणि डोंगर पाहता येतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तिथेच थांबावे आणि बाकीच्यांनी धबधब्यापर्यंत चालून यावे. ढगाळ प्रकाशात हिमनदीच्या बर्फाचा निळा रंग उन्हापेक्षा उठून दिसतो. डोंगरावर ढग असतील तर वर नेणाऱ्या रोपवेवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

*स्कॅगवे:* व्हाइट पास रेल्वेच्या बंद डब्यात बसून डोंगर पाहता येतात, भिजावे लागत नाही. ही अरुंद रुळांची गाडी १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. ती सुमारे ८७० मीटर उंचीपर्यंत जाते. विरळ हवेचा त्रास होण्याइतकी ही उंची नाही. फोटोसाठी डब्याबाहेरच्या ओल्या फलाटीवर जाताना कठडा धरा.

*सिटका:* शेल्डन जॅक्सन म्युझियम छोटे आहे, त्यामुळे फार चालावे लागत नाही.

देवमासे पाहण्याची सहल पावसातही होते. बोटीला बंद, उबदार केबिन आहे का एवढे पाहा. हेलिकॉप्टर आणि छोट्या विमानांच्या सहली मात्र हवेमुळे रद्द होतात. "पुढच्या वेळी कुठे येणार" म्हणून चालकाशी वाद घालू नका. तो निर्णय तुमच्या जिवासाठीच असतो.

पावसात सगळे आत असतात तेव्हा

सर्दी पावसाच्या थेंबांनी होत नाही, विषाणूंनी होते. पण पावसामुळे हजारो माणसे बंद जागेत एकत्र येतात. निघण्याआधी फ्लू, कोविड आणि वयानुसार इतर लसींबद्दल डॉक्टरांशी बोला. जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस जहाजांवर झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरने तो नीट मरत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने २० सेकंद हात धुवा.

जुलाब झाले तर खोलीत थांबावे लागेल या भीतीने लपवू नका. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या काही गोळ्या जुलाबात तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

"थोडी ब्रँडी घेतली तर ऊब येईल ना?"

नाही. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते आणि तोलही बिघडतो. गरम सूप किंवा चहा घ्या.

कधी उतरू नये?

ताप, जुलाब, पायावर ताजी जखम, गेल्या एक-दोन दिवसांत छातीत दुखणे, दम वाढणे किंवा जोराचा वारा असेल तर त्या दिवशी जहाजावरच थांबा. छातीत दुखले किंवा दम वाढला असेल तर जहाजावरच्या दवाखान्यात लगेच दाखवा. बाकीच्यांना खुशाल जाऊ द्या. बंदराच्या दिवशी जहाज रिकामे असते. आतल्या मार्गिकांमध्ये थोडे थोडे चाला, म्हणजे पायांना सूज येणार नाही. काचेपाशी बसून धुक्यातले डोंगर पाहणे हीसुद्धा अलास्काची सहलच आहे.

मदतीची तयारी

केचिकन, जुनो आणि सिटका इथे रुग्णालये आहेत. स्कॅगवेला फक्त क्लिनिक आहे. गंभीर रुग्णाला विमानाने मोठ्या शहरात हलवावे लागते आणि त्याचा खर्च प्रचंड असतो. प्रवास विम्यात जुने आजार आणि वैद्यकीय स्थलांतर दोन्ही आहेत ना, हे वाचून पाहा.

औषधांची यादी मूळ नावांनी लिहा. आपल्याकडची ब्रँडची नावे तिथे कोणी ओळखत नाही. आपल्या क्रोसिनमधील पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. उतरताना त्या दिवसाच्या औषधांसोबत एका दिवसाची जास्तीची औषधे घ्या. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातील एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

शेवटची सूचना मुला-मुलींसाठी आहे. आई-बाबांना "थंडी वाजतेय का?" असे विचारले तर उत्तर "नाही रे, चला पुढे" हेच येणार. त्यामुळे दर तासाला छपराखाली थांबा, त्यांचे हात स्वतः हातात घेऊन पाहा, मोजे बदलायला सांगा आणि मगच पुढे चला. आणि आई-बाबांनो, गारठा वाटला तर लगेच सांगा. वेळेवर सांगितले तर अर्धा तास थांबून, गरम चहा घेऊन पुन्हा निघता येते. लपवले तर सगळ्यांचीच सहल दवाखान्यात संपू शकते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या आजारानुसार औषधांचे आणि प्रवासाचे निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. त्यासाठी निघण्याच्या किमान महिनाभर आधी त्यांना भेटा.*